अगस्ती नौकेचे नक्शेवाले भाऊ

"दरवाज्यापासून टेबलापर्यंत अकरा पावलं. मंगळवारी बारा होते. टेबल सरकवला काऊन?"

छापखान्यात पाऊल टाकल्यावर रामराम घालायच्या आधी ते हे म्हणत. चालताना त्यांचे ओठ हलत, उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत राही, आणि टेबलाशी पोचले की अंगठा जिथे थांबला असेल त्या पेराकडे ते एकदा पाहून घेत. टेबल खरोखरच सरकवलेला असे. कधी वर कौल गळत होतं म्हणून, कधी कागदाची नवी गठडी आली म्हणून. आम्ही दिवसभर त्या टेबलाशी बसणारी माणसं. आम्हाला काही जाणवलेलं नसे.

अशी मोजणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. देवळाच्या पायऱ्या मोजणारी, पोळ्या लाटताना पोळ्या मोजणारी. आपण त्यांच्याकडे पाहून हसतो, आणि ती का मोजतात हे विचारायचं राहून जातं. मीही दोन वर्षं नुसता हसलो.

चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. जटपुरा दरवाज्याच्या आतल्या अंगाला असलेल्या एका छापखान्यात मी प्रूफं तपासायचो. लग्नपत्रिका, कोर्टाचे फॉर्म, फिरत्या सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या, असला माल. ते जंगलाच्या एका ऑफिसात नकाशे काढत. त्यांच्या ऑफिसचे फॉर्म आमच्याकडे छापले जात, म्हणून येणंजाणं. पन्नाशीला टेकलेले, उंच, खांद्यात किंचित वाकलेले. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शाईचा एक डाग होता, तो आंघोळीनेही जात नसे. नाव होतं, पण कोणी घेत नसे. सगळे म्हणत, नक्शेवाले भाऊ.

छापखान्यासमोर चहाचं हॉटेल होतं आणि त्या हॉटेलात आमच्या गल्लीतला एकुलता रेडिओ. रविवारी संध्याकाळी सहाला त्यावर 'अगस्ती' लागायची. सात माणसांना घेऊन मंगळाकडे निघालेल्या नौकेची ती श्रुतिका, दर आठवड्याला एक भाग. रशियाने आभाळात पहिला कृत्रिम चंद्र सोडला त्याच्या पुढचं ते वर्ष. लोकांना आभाळाचं वेडच लागलं होतं. हॉटेलातली बाकं भरली की लोक रस्त्यावर उभे राहत. घुग्घुसच्या खाणीतली माणसं पाळी संपवून सायकली मारत येत, तोंडावरची कोळशाची पूड न धुता. कप्तान खोकला तरी सगळ्या गल्लीला काळजी.

नक्शेवाले भाऊ मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसत. डोळे मिटलेले, मांडीवर वही. लोक गोष्ट ऐकत, हे पावलं ऐकत. रेडिओवर दिसत तर काहीच नाही. ऐकू येतात ती पावलं, दारं आणि शिड्या. कप्तान यंत्रांच्या खोलीतून निघाले की अठरा पावलं, मग एक जड दार, मग सात पावलं, मग सुकाणूची खोली. स्वयंपाकी वर चढला की लोखंडी शिडीच्या नऊ पायऱ्या. एवढ्यावरून त्यांनी नौकेचा नकाशा काढला होता. ट्रेसिंगच्या कापडावर, काळ्या शाईत, एका इंचाला आठ पावलं. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाणसुद्धा काढला होता, मग तो त्यांनी खोडला. मी विचारलं, "बाण का खोडला भाऊ?"

"तिथी उत्तर कुठी असते बाबू?" ते म्हणाले. "मले माहीत नाई. माहीत नाई ते काढायचं नाई."

एका रविवारी कप्तान जड दारापर्यंतचं अंतर बारा पावलांत चालून गेले. हॉटेलात कोणाच्या लक्षातही आलं नाही. भाऊंनी डोळे उघडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी रेडिओ केंद्राला पत्र लिहिलं आणि टाकण्याआधी शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आणलं. "कप्तान साहेब सहा पावले कमी चालले. नौका लहान झाली असल्यास कळवावे." मी हसू दाबून एक वेलांटी सुधारली.

उत्तर आलं. खुद्द श्रुतिकेच्या लेखकाने लिहिलं होतं. पावलांचे आवाज काढणारे गृहस्थ त्या दिवशी रजेवर होते आणि बदली माणसाला घाई झाली होती, क्षमस्व. आपण म्हणता तो नकाशा पाहायला मिळेल का? भाऊंनी नक्कल पाठवली. महिनाभराने दुसरं पत्र आलं: "तुमचा नकाशा आमच्या भिंतीवर लावला आहे. आता आमची पात्रं तुमच्या नकाशावरून चालतात." हे पत्र ते सदऱ्याच्या खिशात ठेवत. घडीवर फाटलं तेव्हा मागून डिंकाने पातळ कागद लावला. कोणाला दाखवत मात्र नसत. अधूनमधून खिशावर हात ठेवून पत्र आहे ना, एवढं पाहत.

त्याच पत्रामुळे पुढचं सगळं घडलं.

'अगस्ती'चं सोबतीचं पुस्तक काढायचं एका परगावच्या प्रकाशकाने ठरवलं. रेडिओवाल्यांची परवानगी घेतली, आणि तो आमच्या मालकांचा साडू असल्यामुळे छपाई आमच्याकडे आली. सात प्रवाशांची ओळख, मागील भागांचा सारांश, निर्वात, गुरुत्वाकर्षण असल्या कठीण शब्दांचे अर्थ, आणि मध्यभागी उलगडून पाहायचा नौकेचा मोठा नकाशा. मुखपृष्ठावर ठळक अक्षरात 'अधिकृत' हा शब्द. नकाशासाठी लेखकाने भाऊंचंच नाव सुचवलं होतं.

ते तीन महिने मी त्यांना जवळून पाहिलं. ऑफिस सुटलं की ते छापखान्यात येत. प्रत्येक मापाला आधार हवा. अमुक दार डावीकडे उघडतं, तर कोणत्या भागात ते ऐकलं, ते समासात लिहिलेलं असे. 'अधिकृत' या शब्दाचा त्यांच्यावर फार भार आला होता. मुखपृष्ठाचं प्रूफ हातात घेऊन म्हणाले, "हा शब्द छापला म्हणजे लोक डोळे मिटून भरवसा ठेवतात. नाई का?"

"पुस्तक आहे भाऊ, गोष्टीचं," मी म्हणालो.

"भरवसा भरवसाच असते."

नकाशात एकच जागा कोरी होती. नौकेच्या शेपटाकडची खोली. इतक्या भागांत तिथे कोणीच गेलं नव्हतं. एकदा फक्त त्या दारावर आतल्या हवेने थाप मारल्यासारखा आवाज आला होता. भाऊंनी तिच्या चार भिंती काढल्या आणि आत सुबक अक्षरात लिहिलं: 'माहिती नाही.'

प्रकाशकाचं पत्र आलं. अधिकृत पुस्तकात 'माहिती नाही' कसं चालेल? लोक हसतील. तिथे काहीतरी टाका, सुटकेची होडी वगैरे. भाऊंनी पत्र वाचलं आणि टेबलावर पालथं ठेवलं. "त्याहीले लिहा, मले ऐकू आली नाई अशी होडी मी काढत नाई."

मी लिहिलं. पंधरा दिवसांनी नकाशाचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, तिकडून तयार होऊन आला. मी त्याचं प्रूफ काढलं. सगळं भाऊंचं जसंच्या तसं, एक रेषही हललेली नाही. फक्त शेपटाच्या खोलीत दुसऱ्याच कोणाच्या हाताने एक छोटी होडी काढलेली, तिला दोन खिडक्या, बाजूला 'सुटकेची होडी' असा बाण. खाली भाऊंचं नाव.

मी मालकांकडे गेलो. ते म्हणाले, "छाप म्हणतात तं छाप. तुहं काय जाते?"

मला त्या संध्याकाळी भाऊंकडे जाता आलं असतं. त्यांचं घर किल्ल्याच्या भिंतीलगत होतं, छापखान्यापासून चालत गेलं तरी लवकर पोचावं एवढं जवळ. मी गेलो नाही. प्रूफावर 'छापावे' असं लिहून सही केली. एवढी साधी गोष्ट, कोणाचं काय बिघडतं, असं मी स्वतःला सांगितलं. आणि असं स्वतःला सांगावं लागलं, यावरून मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुस्तकं बांधून झाली तेव्हा पहिली प्रत मीच त्यांच्या हातात दिली. त्यांनी आधी मुखपृष्ठावरून हात फिरवला. मग मधली घडी उलगडली. बोट फिरत शेपटाच्या खोलीवर थांबलं.

"हे कोनं काढलं?"

"तिकडच्या चित्रकाराने."

"खाली नाव माह्यं हाये."

मला लाज वाटत होती आणि लाज वाटली की माणूस चिडतो. मी म्हणालो, "भाऊ, गोष्ट आहे ती. मंगळावरची. त्या होडीमुळे कोणी मरणार आहे का?"

त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. कोणी गालफडात मारावी तसा तो एका बाजूला झाला. त्यांनी पुस्तकाची घडी नीट घातली, ते टेबलावर ठेवलं आणि चालू लागले. ओठ हलत नव्हते. अंगठाही स्थिर होता.

दुसऱ्या दिवसापासून भाऊंबद्दल गावभरातून ऐकू यायला लागलं. लाल शाईची दौत आणि टाक घेऊन ते दारोदार जात होते. तुमच्याकडे अगस्तीचं पुस्तक आहे का? जरा द्या, एक दुरुस्ती करायची आहे. होडीवर दोन रेघा मारायच्या, वर 'माहिती नाही' लिहायचं, बाजूला सही. पोस्टमास्तरांनी हसून पुस्तक दिलं. एका वकिलांनी दिलं नाही. मुलींच्या शाळेच्या बाई छापखान्यात येऊन म्हणाल्या, "तुमचे भाऊ येऊन गेले, तेव्हापासून वर्गातल्या चार पोरी रडून राह्यल्या. होडी नाही म्हटल्यावर ते सात जण परत कसे येतील, म्हणतात."

एका म्हाताऱ्या बाईंनी तर पुस्तक छातीशी धरलं, असं कानावर आलं. "राहू दे ना भाऊ. घरी याची तेवढी एकच वाट हाये त्याहीले." भाऊ त्यांच्या ओट्यावर बसून राहिले. मग म्हणे त्यांनी टाक पुसला आणि रेघ न मारता उठले.

हे ऐकलं त्या रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. माफी मागायची म्हणून. भाऊ ओसरीवर पाठ टेकून बसले होते. शेजारी लाल शाईची दौत. वहिनी अंगणात सुपात तांदूळ निवडत होत्या. बुटक्या, सावळ्या, मोजकं बोलणाऱ्या. मी माफीचं पहिलं वाक्य बोललो असेन नसेन, त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तुमची काय चूक हाये?" त्या मला म्हणाल्या, पण बघत होत्या नवऱ्याकडे. "कागदावरच्या नावेसाठी हे गावभर फिरून राह्यले. सत्तर घरं झाले. अन् जिथी खरोखर जायचं होतं त्या सिरोंच्याच्या बाईच्या दारी चार उन्हाळ्यात एकदा गेले नाई. विचारा त्याहीले."

मला वाटलं, भाऊ आता उठून आत जातील. पण ते तिथेच बसून राहिले, आणि जमिनीकडे पाहत त्यांनी सांगितलं.

चार वर्षांपूर्वी त्यांनी दक्षिणेकडच्या जंगलाच्या नकाशाची एक शीट नव्याने काढली होती. जुनी शीट जीर्ण झाली होती, तिच्यावरून उतरवायचं काम. जुन्या शीटवर एका टेकडीच्या पायथ्याशी निळं टिंब होतं. बारमाही झरा. नियम असा की पाण्याची जागा जाऊन पाहायची, मग मांडायची. पण मार्च संपत आला होता, वरून घाई होती. त्यांनी टिंब उतरवलं. मे महिन्यात झाडांना खुणा करायला एक नाकेदार, म्हणजे जंगलाचा पहारेकरी, एकटाच त्या बाजूला गेला. सोबतची दोन माणसं तापाने मागे राहिली होती. दुपारपर्यंत झऱ्याशी पोचायचं आणि पाणी भरून परतायचं, या हिशेबाने त्याने सुक्या भोपळ्याचं एकच भांडं पाणी घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी तो सापडला.

"अन् कागदावर काय लिहिलं," भाऊ म्हणाले. "नकाशा जवळ असताना वाट चुकला. सोताचा हलगर्जीपणा. माह्या समोर लिहिलं. मी सांगतलं नाई. नोकरी जाईल म्हणून सांगतलं नाई. त्याच्या घरच्यांचा मदतीचा अर्ज आला, तो त्याच एका ओळीवर वापस गेला. तोही मी पाह्यला."

त्यानंतरच ते पावलं मोजायला लागले होते. वहिनींनी सांगितलं की पहिल्या महिन्यात ते घरातल्या घरात, चुलीपासून रांजणापर्यंत मोजत.

मी त्यांना त्या दिवशी जे विचारलं होतं ते मला आठवलं. कोणी मरणार आहे का. माझ्याने मान वर करवेना.

भाऊच म्हणाले, "येशील का माह्यासंग? एकट्यानं पाय निघत नाई."

आलापल्लीपर्यंत बस होती. पुढे लाकडं वाहणाऱ्या एका ट्रकवाल्याने आम्हाला सागवानाच्या ओंडक्यांवर बसवून घेतलं. ती बाई, त्या नाकेदाराची विधवा, सिरोंच्याजवळ गोदावरीच्या काठी, मासेमारी करणाऱ्या आपल्या सासरच्या वस्तीत राहत होती. दोन दिवस लागले. वाटेत भाऊ पाठ केल्यासारखं एक भाषण मनाशी म्हणत होते. "मी आपला अपराधी आहे" असं त्याचं पहिलं वाक्य होतं. पुस्तकी भाषेत. मला वाटलं, तिथे हे कोणाला कळणार?

दुपार कलली होती. ती अंगणात फाटकं जाळं पसरून दोरा ओवत बसली होती. तिशीची असेल. आमच्या खाकी पिशव्या पाहून उठून उभी राहिली.

"सायब?" तिने विचारलं.

"सायब नाई बाई. मी नक्शेवाला."

"नक्शा म्हंजे?"

भाषण तिथेच संपलं. भाऊ उकिडवे बसले आणि काडीने मातीत रेघा काढू लागले. ही सडक. हा नाला. ही टेकडी. मग टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी काडीचं टोक टेकवलं.

"इथी पाणी हाये, असं मी कागदावर दाखवलं. पाणी नव्हतं."

ती त्या टिंबाकडे पाहत राहिली. "तुमी गेल्ते तिथी?"

"नाई."

"मंग काऊन दाखवलं?"

"जुन्या कागदावर होतं. त्याच्यावरून उतरवलं."

मला वाटलं, आता ही ओरडेल, दगड उचलेल. मनातून मला तेच हवं होतं. पण ती खाली बसली, त्या रेघांच्या दुसऱ्या बाजूला, आणि सडकेवर बोट ठेवून नाल्यापर्यंत, नाल्यापासून टेकडीपर्यंत हळूहळू ओढत नेलं.

"तो कुठी भेटला?" तिने विचारलं.

"इथीच." भाऊंनी टिंबाला हात लावला. "बरोबर इथीच. तो वाट चुकला नाई बाई. सात कोस जंगलातून तो सरळ या टिंबावर आला. तो नीट चालला. माहा कागद चुकला."

"ताडी पिऊन भटकला म्हणतात," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "गाव म्हणते. माह्या लेकीले म्हणतात. सासरे मामा तं लोकाईत बसतच नाई तवापासून." मग ती एकदम उठली. "मले काऊन सांगता? त्याहीले सांगा."

तिचा सासरा घरामागे, काठावर उलट्या घातलेल्या डोंगीच्या सावलीत बसला होता. त्याला मराठी येत नव्हती, आणि कानाने तो जवळजवळ ठार बहिरा होता. तिने भाऊंना एक तेलुगू वाक्य शिकवलं. "मी कोडुकु तप्पु चेयलेदु." कोडुकु म्हणजे मुलगा, तप्पु म्हणजे चूक: तुमच्या मुलाने चूक केली नाही. तेलुगूत 'मी' म्हणजे 'तुमचा', मान देऊन. भाऊंनी ते दोनदा पुटपुटलं. माझ्या मराठी कानाला त्यातलं 'मी' आणि 'तप्पु' एवढंच ऐकू येत होतं.

ते म्हाताऱ्यापुढे बसले आणि बोलले. म्हाताऱ्याने कानामागे हात नेला. भाऊ मोठ्याने बोलले. म्हातारा सुनेकडे पाहू लागला. मग या माणसाने, ज्याचा आवाज मी कधी टेबलाच्या पलीकडे गेलेला ऐकला नव्हता, त्याने उभं राहून, मुठी आवळून, ते वाक्य ओरडून सांगितलं. पात्रात जाळी टाकणारी माणसं वळून पाहू लागली. भाऊ पुन्हा ओरडले. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

म्हाताऱ्याच्या तोंडावर काही उमटलं नाही. तो उठला, झोपडीत गेला, खुंटीवरचा धुतलेला सदरा घालून बाहेर आला. त्याने भाऊंचं मनगट धरलं आणि त्यांना वस्तीत घेऊन गेला. पहिल्या घरापुढे उभं करून भाऊंना खूण केली: बोल. भाऊ बोलले. मग पुढचं घर. मग त्याच्या पुढचं. मी आणि ती बाई मागून चालत होतो. लोक दारात येत, ऐकत, म्हाताऱ्याकडे पाहत आणि मान खाली घालत. शेवटच्या घरांपर्यंत भाऊंचा आवाज पार बसला होता, तरी म्हाताऱ्याने एकही दार सोडलं नाही.

त्या घरात आम्हाला कोणी पाणी विचारलं नाही, आणि आम्हीही मागितलं नाही.

चांद्याला परतल्यावर भाऊंनी सगळं लिहून काढलं आणि दोन प्रतींत ऑफिसात दिलं. वरचे साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, झाल्याला चार वर्षं झाली, तुमच्या नोकरीचीही पाचच उरली, कशाला उकरता? भाऊंनी पोच मागितली. पुढच्या आठवड्यात त्यांना कामावरून बाजूला केलं आणि चौकशी बसली. नकाशाची पेनं, कंपास, सगळं जमा करून घेतलं. ते छापखान्यात आले तेव्हा बोटावरचा शाईचा डाग फिका व्हायला लागला होता.

'अगस्ती'चा शेवटचा भाग त्याच सुमारास लागला. हॉटेलात मुंगीला शिरायला जागा नव्हती. भाऊ मागच्या बाकावर होते. वही आणलेली नव्हती. नौकेला आग लागली होती, हवा संपत आली होती. कप्तान जड दारापासून मागे अठरा पावलं चालले, यंत्रांच्या खोलीच्याही पलीकडे गेले, आणि त्यांनी शेपटाकडची खोली उघडली. आत सुटकेची होडी होती. लेखकाने पुस्तक पाहिलं असणार आणि छापलंच आहे तर वापरू, म्हटलं असणार. सातही जण होडीत बसले आणि पृथ्वीकडे निघाले. हॉटेलात टाळ्या, शिट्ट्या. खाणीतला एक आडदांड माणूस तोंडात पंचा कोंबून रडत होता. मी भाऊंकडे पाहायचं टाळत होतो.

"बरं झालं," ते म्हणाले. "सातही लोकं घरी आले."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "भाऊ, होडी खरी निघाली शेवटी."

"रेडिओवर होते बाबू तसं. एकानं खोटं काढलं तं दुसरा त्याले खरं करते." थोडं चालून ते थांबले. "जंगलात जाऊन कोणी झरा ठेवून येत नाई."

चौकशीत त्यांची नोकरी गेली. ते दोघं वैनगंगेपलीकडे वहिनींच्या भावाच्या गावी राहायला गेले. सामान एका बंडीत मावलं. त्यांची दोन पत्रं आली. शेतात धानाचे बांध मोजून देतो, वेळ बरा जातो, असं लिहिलं होतं. तिसरं पत्र वहिनींनी कोणाकडून तरी लिहवून पाठवलं. हिवाळ्यात, चार दिवसांच्या तापाने, भाऊ गेले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सिरोंच्याची ती बाई छापखान्यात आली. दोन दिवसांचा प्रवास करून, एकटी. मी तिला ओळखलं नाही; तिने मला ओळखलं. पदराच्या गाठीतून तिने एक सरकारी कागद काढला आणि म्हणाली, "त्याहीनं त्या दिवशी प्रेसचं नाव सांगतलं होतं. ते कुठी हायेत? हे त्याहीच्याकडून वाचून घ्यायचं हाये."

मी तिला सांगितलं. ती प्रूफांच्या गठ्ठ्यांशेजारी जमिनीवर बसली. मग तिने कागद माझ्याकडे दिला. मी वाचून दाखवला. मयत नाकेदार नेमून दिलेल्या वाटेनेच गेले होते, त्यांच्याकडून कोणतीही चूक झालेली नाही, सबब पूर्वीचा शेरा रद्द करण्यात येत आहे. तिने ती ओळ कुठे आहे ते विचारलं. मी दाखवली. तिने तिच्यावर बोट ठेवलं आणि ते तसंच ठेवून मला पुन्हा वाचायला लावली.

जाताना तिची नजर सोबत आणलेल्या गाठोड्याकडे गेली. आत सुकवलेले मासे होते. वास सगळ्या खोलीत भरला होता. दूरवरून आणलेलं, परत कशाला न्यायचं, असं मनात येऊन मी ते घ्यायला हात पुढे केला.

तिने गाठोडं अलगद आपल्याकडे ओढलं.

"नाई बाबू," ती म्हणाली. "हे त्याहीच्यासाठी आणलं होतं."

तिने सुटत आलेली गाठ पुन्हा करकचून बांधली, गाठोडं डोक्यावर घेतलं, आणि जटपुरा दरवाज्यातून बसच्या अड्ड्याकडे निघून गेली.